सतरावा थर

"...पण मग हे दगड टाकून द्यायला हरकत काय आहे?"

शाल्मली बोडसने हे दुसऱ्यांदा विचारलं. मठाच्या ओट्यावर दौलतगीर बाबा शेंगा सोलत बसले होते. समोर तिची दगडांची गोणी.

तीन हिवाळे या मठात राहून ती घाटातले कडे तपासत होती. लाव्हा निवून दगड झाला, तेव्हा पृथ्वीच्या चुंबकत्वाला किती जोर होता, याची खूण त्या दगडात राहते. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे थर, एकावर एक; वरचा थर नंतरचा. त्या काळात हा जोर सारखाच राहिला, असं तिचं म्हणणं. मठात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती ते ऐकवायची.

सतराव्या थराने मात्र घात केला. तिथे जोर जवळपास नव्हताच.

"यंत्र बिघडलं असेल," बाबा म्हणाले.

"तीनदा तपासलं. ठीक आहे."

"मग तुझं चुकलं असेल."

"माझं चुकत नाही, बाबा. दगडच खराब आहेत."

बाबांनी सोललेले दाणे तिच्या हातावर ठेवले.

"सोमवारी प्रबंध द्यायचाय," ती म्हणाली. "हा थर आणि वरचे दोन गाळले, की सगळं नीट जुळतं. ठेवले, तर तीन वर्षं पाण्यात."

"टाक मग."

बाबा उठले. गोणीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं तिने. दोघं दरीच्या कडेला आली. तिने गोणीचं तोंड सोडलं, पहिला दगड हातात घेतला.

"मागे तू इथल्या शाळेत बोललीस," बाबा म्हणाले. "तेव्हा त्या मास्तरीणबाईंनी काहीतरी विचारलं होतं."

"हो... गेली दोनशे वर्षं पृथ्वीचा हा जोर घटतोय, तो असाच घटत गेला तर काय, म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"घाबरू नका म्हटलं. परत वाढेल."

"कशावरून?"

कशावरूनच नव्हतं. बाई रडवेल्या झाल्या होत्या, म्हणून तिने ठोकून दिलं होतं.

"याच्या वरचा थर कसा आहे?" बाबांनी विचारलं.

"अठरावा? त्यात जोर थोडा आहे. एकोणिसाव्यात त्याहून जास्त. विसाव्यात पुन्हा..."

ती थांबली.

"पुन्हा पहिल्याइतका," ती हळूच म्हणाली. "म्हणजे गेलेला जोर परत येतो."

खाली दरीत ऊन उतरत होतं. हातातला दगड तिने उलटा करून पाहिला. मग तो तिने गोणीत ठेवला आणि तोंड आवळून बांधलं. गाठ नीट बसेना. ती तिने पुन्हा घातली.

"सगळा प्रबंध नव्याने लिहावा लागेल, बाबा. माझंच म्हणणं मला खोडावं लागेल. परीक्षक हसतील."

"हसू देत," बाबा म्हणाले. "बऱ्याच दिवसांत त्यांना कुणी चांगली बातमी दिली नसेल."