करवंटीतलं मरळीचं पिल्लू

फार मागे, माणसांनी काचेच्या टाक्या करण्याच्याही आधी, एका बगळ्याने नदीकाठी माशांची पिल्लं विकायचा धंदा मांडला होता. पाळायला म्हणून तो ती पाण्याने भरलेल्या करवंटीत घालून देई.

एका खारीने मरळीचं पिल्लू निवडलं. "बगळेभाऊ, हे मोठं झालं तर?"

"ताई, मासा भांड्याएवढाच वाढतो. आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही."

"तक्रार मासे करतील ना, पण ते उरतात कुठे?" पिल्लू करवंटीतून म्हणालं. "माझी भावंडं वळायला जागा नाही म्हणून मेली. ताई, मला न्यायच्या आधी माझी आई बघ."

"आई गावाला गेलीय," बगळा घाईने म्हणाला.

खारीने पाण्याच्या कडेला जाऊन हाक मारली. शेवाळ बाजूला सारत मरळ वर आली. ती बगळ्यापेक्षा लांब होती.

"हिला बसव बरं तुझ्या करवंटीत," खार म्हणाली.

बगळा आकाशाकडे बघू लागला. खारीने करवंटी नदीत उपडी केली. मागे उभ्या असलेल्या सशाने, मुंगसाने, सगळ्याच गिऱ्हाइकांनी दुकानातली एकेक करवंटी उचलून तेच केलं. पिल्लं खोल पाण्याकडे निघाली आणि मोठी होऊ लागली.