धोट्याची अर्धी ओळ

एका गावात एक रॅपर होता. बोधकथेत राजा चालतो, बोलणारा कोल्हा चालतो, मग रॅपरनं कुणाचं घोडं मारलंय?

गाव यंत्रमागांचं होतं. गल्लोगल्ली मागांची खटखट चालायची, त्यामुळे गावातली माणसं लहानपणापासूनच मोठ्यानं बोलायला शिकत. रॅपरचं खरं नाव सिद्राम. वडिलांबरोबर तोही मागावर उभा राहिलेला. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा एक लाकडी तुकडा असतो, त्याला धोटा म्हणतात. सिद्राम त्याच तालात शब्द फेकायचा, म्हणून लोकांनी त्याचंच नाव धोटा ठेवलं. पुढे पुढे त्याचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं.

धोट्याची एक रीत होती. तो ओळ अर्धीच म्हणायचा. उरलेली अर्धी समोरच्यांनी म्हणायची. "रात्रभर विणली चादर," असं म्हणून तो हात पुढे करी आणि समोरून उत्तर येई, "पांघरली कुणी?" तो म्हणायचा, "धोटा एका बाजूनं फेकला की दुसऱ्या बाजूनं परत यायला पाहिजे. तरच कापड होतं."

ही चादरीची ओळ 'तिसरी पाळी' नावाच्या गाण्यातली. गाणं लांबलचक होतं. त्यात त्याच्या वडिलांची रात्रपाळी होती, मालकाची मोटार होती, छातीत साठत जाणारा कापूस होता. ओळी अशा लांब की म्हणणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यावा. मध्ये श्वास घ्यायला मिळे तो फक्त समोरचे उत्तर देत तेवढ्या वेळात. ऐकणाऱ्यांना मात्र ती त्याची अदा वाटायची.

सुरुवातीला ऐकणारे तरी किती होते? सात-आठ पोरं. बाकी गाव म्हणायचं, "हे कसलं गाणं? हा तर भांडतोय!" या सात-आठ जणांनी मात्र त्याला सोडलं नाही. त्यांतला श्रीशैल तर सायकलवर स्पीकर बांधून त्याच्या मागे मागे फिरायचा. कार्यक्रमाला ही पोरं सगळ्यांत पुढे बसत आणि घसा बसेपर्यंत उत्तरं देत. त्यांनी स्वतःला नाव घेतलं होतं 'पहिली रांग'. त्यांच्या मागे दुसरी रांग नव्हतीच, पण ते असो. त्यांचं प्रेम खरं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मला त्यांना बरंच बोलायचं आहे.

वर्षं गेली. पोरांची पोटं सुटली. श्रीशैलनं चौकात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. 'तिसरी पाळी'चं एकुलतं एक जुनं रेकॉर्डिंग त्याच्याकडे होतं आणि ते तो देवघरातल्या मूर्तीसारखं जपायचा. संध्याकाळी शटर अर्धं ओढून पहिली रांग ते ऐकायची. दुसऱ्या कुणाला ते मिळत नसे.

एकदा कलावतीबाई फोन दुरुस्तीला आल्या. धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरायचं काम त्या करायच्या. आत गाणं चालू होतं. त्या उंबऱ्यावरच थांबल्या आणि म्हणाल्या, "हे माझ्या फोनमध्ये घाल की रे."

श्रीशैल म्हणाला, "काकू, ते तुमच्यासाठी नाही. कळायला जड आहे."

कलावतीबाईंचा नवरा तिसऱ्या पाळीतच म्हातारा झाला होता. त्या फोन घेऊन निघून गेल्या.

आणि मग बऱ्याच वर्षांनी धोट्याचा नवा अल्बम आला.

त्यातलं पहिलंच गाणं असं होतं: "ये, बस. पाणी पी. कुठनं आलास? सांग की!" एवढ्याशा ओळी, आणि दर ओळीनंतर समोरच्यांसाठी भरपूर जागा. आठवडाभरात ते गाणं सगळ्या गावाच्या तोंडी झालं. रिक्षात तेच, लग्नाच्या वरातीत तेच, शाळेच्या गॅदरिंगमध्येही तेच. पाहुणा दारात आला की घरातली पोरं गाण्यातच त्याला पाणी विचारू लागली. धोट्याला भांडखोर म्हणणारे आता "आमचा धोटा" म्हणू लागले.

पहिल्या रांगेला सुतक लागलं.

श्रीशैलच्या दुकानात बैठक बसली. "संपला बे आपला माणूस," श्रीशैल म्हणाला. "हे काय गाणं आहे? हे तर हॉटेलात लिहिलेलं असतंय."

दुसरा म्हणाला, "वरातीत वाजतंय. घोडा नाचतोय त्याच्यावर."

त्यांच्यात अन्वर नावाचा एक जण होता. तो हळूच म्हणाला, "मला तर बरं वाटलं ऐकून. माझ्या अम्मीलाबी आवडलं."

"अम्मीला आवडलं?" श्रीशैलनं कपाळाला हात लावला. "मग तर संपलंच की सगळं!"

"अरे, पण आपल्यालाच वाटायचं ना, गावानं त्याला ऐकावं म्हणून?"

"गावानं त्याच्यापर्यंत यावं असं वाटायचं. त्यानं खाली उतरून गावापर्यंत जावं असं नाही."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. वाक्य ऐकायला चांगलं होतं. चांगलं वाक्य सापडलं की माणूस पुढे विचार करायचं थांबतो. धोट्यानं ओळी आखूड का केल्या, हे त्याला जाऊन विचारावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

कारण साधं होतं. ज्या कापसावर त्यानं गाणं रचलं, तोच कापूस त्याच्याही छातीत साठला होता. जिना चढला तरी त्याला धाप लागे. डॉक्टर म्हणाले होते, "लांब दम घ्यायचं काम बंद." म्हणून त्यानं ओळी तोडल्या, शब्द सोपे केले, आणि आपल्याला झेपत नव्हतं तेवढं ओझं ऐकणाऱ्यांच्या खांद्यावर दिलं. शब्द कुणालाही उचलता यावेत एवढंच त्यानं पाहिलं. आता गाणं सगळ्यांना आवडावं असं त्याला वाटतच नव्हतं का? वाटत होतं. कुणाला वाटत नाही? पण छातीचं हे दुखणं त्यानं कुणाला सांगितलं नाही. दम कमी पडतो असं रॅपरनं सांगणं म्हणजे पैलवानानं गुडघे दुखतात म्हणण्यासारखं.

जत्रेच्या मैदानावर धोट्याचा मोठा कार्यक्रम ठरला. चार दिवस आधी तो स्वतः चालत श्रीशैलच्या दुकानात आला. स्टुलावर बसला.

मग म्हणाला, "श्रीशैल, 'तिसरी पाळी' म्हणावं म्हणतोय."

श्रीशैल स्क्रू फिरवत राहिला. "म्हणा की."

"तुम्ही सगळे पुढं असला तरच म्हणतो. नाहीतर नाही होणार."

ही विनंती होती. श्रीशैलला ती लालूच वाटली. नव्या गाण्यानं गाव जिंकलं, आता जुन्या गाण्याचा तुकडा टाकून आपल्याला गप्प करतोय, असं त्याच्या मनानं घेतलं. तो म्हणाला, "येऊ की. पुढंच बसू."

धोट्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. खांद्यावर हात ठेवून तो गेला. चौक ओलांडताना तो दोनदा थांबला, पण श्रीशैल तोवर पुन्हा फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

त्या संध्याकाळी पहिल्या रांगेनं ठराव केला. पुढे बसायचं, हाताची घडी घालायची आणि तोंड उघडायचं नाही. "कळू दे त्याला," श्रीशैल म्हणाला, "आपण कोण होतो ते."

कार्यक्रमाला मैदान फुलून गेलं. बायका डोक्यावर पदर घेऊन आल्या, म्हातारे घरून खुर्च्या घेऊन आले. नवी गाणी झाली. धोटा दोन शब्द टाकायचा आणि सगळं मैदान चार शब्द परत द्यायचं. पहिली रांग तेवढी हाताची घडी घालून बसली होती.

मग धोटा पुढे आला. म्हणाला, "आता एक जुनं. हे पुढं बसलेल्यांसाठी. स्पीकर सायकलवर आणणाऱ्यांसाठी."

अन्वरनं श्रीशैलकडे पाहिलं. श्रीशैल समोर बघत राहिला.

धोट्यानं सुरुवात केली. वडील, पाळी, भोंगा, मालकाची मोटार, सगळं एका दमात. आवाज तोच होता. "रात्रभर विणली चादर," असं म्हणून त्यानं माईक पहिल्या रांगेकडे धरला.

उत्तर आलं नाही.

त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. "पांघरली कुणी?" असं स्वतःच म्हणून त्यानं पुढची ओळ घेतली. जिथे श्वास घ्यायचा तिथे तो बोलून बसला होता. पुन्हा त्यानं माईक धरला. पुन्हा काही नाही. मागे बसलेल्या माणसांची उत्तर द्यायची फार इच्छा होती. कलावतीबाई तर उठून उभ्या राहिल्या होत्या. पण दर ओळीचं उत्तर वेगळं, आणि ते काय द्यायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. गाणं त्यांनी आयुष्यात कधी पुरतं ऐकलं नव्हतं. कुणी ऐकू दिलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी धोट्याचा आवाज फाटला. अन्वरचे ओठ हलले, तसा श्रीशैलनं त्याचा गुडघा दाबला. धोट्याला खोकल्याची उबळ आली आणि काही केल्या थांबेना. तो स्पीकरच्या खोक्यावर बसला. माईक तोंडाशी होता, त्यामुळे त्याच्या छातीतली घरघर सगळ्या मैदानाला ऐकू आली. श्रीशैललाही आली. त्याचं तोंड आपोआप उघडलं, पण आता उत्तर द्यायला ओळच उरली नव्हती.

जरा वेळानं धोटा हळू आवाजात म्हणाला, "ये, बस."

"पाणी पी!" सगळं मैदान म्हणालं. म्हणालं म्हणजे नुसतं म्हणालं नाही, कुणीतरी धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. धोटा खोक्यावर बसून राहिला आणि मैदानानं ते गाणं शेवटपर्यंत म्हटलं. त्याला पुढची एक ओळही म्हणावी लागली नाही.

माणसं पांगल्यावर श्रीशैल स्टेजमागे गेला. धोटा खुर्चीवर बसला होता, समोर तांब्या होता. श्रीशैलला माफी मागायची होती, पण भलतंच बोलला.

"अण्णा, 'तिसरी पाळी' अर्धीच राहिली."

धोटा रागावला नाही. म्हणाला, "ती पहिल्यापासनं अर्धीच होती रे. अर्धी तुमच्याकडं होती."

श्रीशैल तिथेच खाली बसून लहान पोरासारखा रडला. धोट्यानं तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी श्रीशैलनं शटर पूर्ण वर केलं आणि 'तिसरी पाळी' रस्त्यावर ऐकू जाईल अशी लावली. मागेल त्याच्या फोनमध्ये घातली. न मागणाऱ्यांच्याही घातली. सगळ्यांत आधी तो कलावतीबाईंच्या घरी गेला. त्यांनी गाणं उभ्यानं ऐकलं, संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं आणि डोळे पुसून म्हणाल्या, "यात जड काय आहे रे?"

आता ते गाणं गावात सगळ्यांना येतं. जत्रेत दरवर्षी तरणी पोरं ते म्हणतात आणि "पांघरली कुणी?" हे उत्तर पार नदीपर्यंत ऐकू जातं. धोटा खाली खुर्चीवर बसून ऐकतो. श्रीशैल अजूनही पहिल्या रांगेतच बसतो आणि सगळ्यांत मोठ्यानं उत्तर देतो. पण समोरून ओळ टाकणारा आवाज आता दुसऱ्याचा असतो.

तात्पर्य: आपलं आवडतं गाणं गावालाही आवडलं म्हणून ते हलकं होत नाही. ज्याच्यावर प्रेम केलं तो बदललेला दिसला, तर आधी त्याला कारण विचारावं. रुसून गप्प बसणाऱ्याला पुढे कितीही बोलावंसं वाटलं, तरी तेव्हा उत्तर ऐकायला समोर तो माणूस उभा असेलच असं नाही.