देह झिजला तो कशानं

"मग लोकांना काय सांगायचं, बाबा?"

शालिग्रामनं विचारलं तेव्हा गिरणाकाठच्या मठात दुपार कलत होती. केवळबाबा खाटेवर पडून होते. सकाळीच दोघं जळगावच्या दवाखान्यातून परतले होते.

"डॉक्टर म्हणाले ते सांग."

"पण बाबा..."

डॉक्टर म्हणाले होते ते असं. बाबांच्या आतड्याला गहू सोसत नव्हता, कित्येक वर्षांपासून. सीलिएक म्हणतात त्या आजाराला. पोळी पोटात गेली की आतडं आतून झिजायचं. हगवण, थकवा, वाळलेलं अंग, सगळं त्यातलंच. वेळीच गहू सुटला असता तर बहुधा निभावलं असतं. पण फार थोड्यांचं पुढं जे होतं ते बाबांचं झालं होतं. त्याच आतड्यात कर्करोग. आणि या वयात, या अंगावर शस्त्रक्रिया झेपणार नव्हती.

शालिग्राम एकेकाळी शाळेत गणित शिकवायचा. बाबांचा तो कृश देह पाहिला आणि नोकरी सोडून मठात आला. बाबांनंतर गादी त्याचीच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही.

"लोक याला तपाचा देह म्हणतात," तो म्हणाला. "घरोघरी तुमचा फोटो पुजतात. त्यांना सांगू, बाबांना हगवण होती म्हणून?"

"मीही तपच समजत होतो."

बाबांनी पोटावर हात ठेवला.

"पोटात कळ यायची. समोर कुणी पाया पडलं की ती सोसवायची. मग वैद्याकडं कशाला जातोय मी?"

शालिग्रामनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"कौतिकाबाई आठवते, अंगाऱ्याला यायची ती? तीही अशीच वाळत चालली होती. म्हणाली, 'बाबा, खाल्लेलं अंगी लागत नाही.' मी म्हणालो, माय, देहाची ओढ सुटतेय, चांगलं लक्षण आहे."

"ती तर गेली, बाबा."

"हो... तिला काय होतं, ते कुणी पाहिलंच नाही."

बाहेर अंगणात कुणीतरी झाडत होतं.

"हात पुढं कर," बाबा म्हणाले.

शालिग्रामनं हात पुढं केला. बाबांनी आपलं मनगट त्याच्या मनगटाशेजारी धरलं. दोन्ही सारखीच. कातडी आणि हाड.

"मला आजार होता. तुला काय झालंय?"

शालिग्रामनं हात मागं घेतला. मठात आल्यापासून तो अर्ध्या भाकरीवर उठत होता. लोक म्हणायचे, हुबेहूब बाबा.

संध्याकाळी मंडळी जमली. बाबा लोडाला टेकून बसले आणि सगळं स्वतःच्या तोंडानं बोलले. गव्हाचं, हगवणीचं, कर्करोगाचं.

"ज्याला खाल्लेलं अंगी लागत नाही, त्यानं माझ्याकडं अंगाऱ्याला येऊ नये. डॉक्टरकडं जावं."



मग एक म्हातारा उठला. त्याचे डोळे भरून आले होते. "एवढं तप, आणि म्हणतात आजार! मोठेपणसुद्धा नको यांना!"

त्यानं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. मागोमाग दुसऱ्यानं. बघता बघता रांग लागली.

बाबांनी डोळे मिटून घेतले. रांग सरकत राहिली... मग त्यांनी हाक मारली.

"शालिग्राम, ताट वाढून घे. इथं बसून जेव. यांच्यासमोर."

पंगतीसाठी गव्हाच्या बट्ट्या केल्या होत्या. शालिग्राम ताटाकडं बघत राहिला.

"मी आजपासून गहू सोडलाय, बाबा."

"का? तो मला सोसला नाही. तुझं काय वाकडं केलंय त्यानं?"

शालिग्राम खाली बसला. त्यानं बट्टी कुस्करली, वरण-तूप ओतलं, घास घेतला. रांग थबकली.

"गुरू मरणाला टेकलाय आणि चेला तूप ओरपतोय," एक बाई पुटपुटली.

शालिग्रामचा हात ताटातच थांबला. मान खाली गेली.

बाबांनी वाढप्याला खूण केली.

"त्याला आणखी वाढ."