सुरगाठीचा चंबू

दोष थोरल्या कुंभाराचा होता. म्हातारा होता, मानाचा होता, राजाच्या पंगतीला बसायचा, तरी दोष त्याचाच होता. थोरांचं नाव आलं की गोष्ट सांगणारे घसा खाकरतात आणि सगळं नशिबावर ढकलून मोकळे होतात. इथे तसं होणार नाही.

फार जुनी गोष्ट, रस्त्यांना नावं पडायच्या आधीची. एका राज्यात एक कोरडी खिंड होती. चढायला सकाळ, उतरायला संध्याकाळ, आणि मध्ये विहीर सोडा, ओला दगडसुद्धा नाही. पायथ्याशी एक ताकवाली बसायची. जाणारा प्रत्येक जण तिच्याकडून ताकाचा भरलेला चंबू घ्यायचा आणि चढणीला लागायचा. चंबू मात्र थोरल्या कुंभाराचाच हवा, असा हुकूम होता.

चंबू देखणा होता, खोटं कशाला बोला. बगळ्यासारखी मान, बोटभर तोंड, त्यावर लाखेचं लालभडक झाकण. उलटा धरला तरी थेंब सांडायचा नाही. दर वर्षी नवा चंबू पांढऱ्या वस्त्रावर मांडायचे. सात पंच सात पावलांवरून तो बघायचे आणि माना डोलवायचे. हात कुणी लावायचा नाही, अशी रीत. त्या सातांपैकी एकही जण कधी खिंड चढला नव्हता. घरी त्यांना ताक सुना ओतून द्यायच्या. सुनांना कुणी काही विचारलं नव्हतं.

ताकवालीला एक खोड होती. हातात येईल ती वस्तू उलटीपालटी करून बघायची. खिंडीतून परत आलेले रिकामे चंबू ती पुन्हा भरायला ठेवी. एकदा तिच्या लक्षात आलं, की विसातल्या अठरांना मानच नाही.

तिने गाढवांवरून मीठ नेणाऱ्या मीठवाल्याला गाठलं. "काय रे, तुम्ही चंबू पिता का खाता?"

"दोन्ही," मीठवाला म्हणाला. "लाख कुणाच्याने निघते? मग आपटायची मान दगडावर. अर्धं ताक मातीला, पाव दाढीला, उरलेलं खापरांसकट पोटात."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? गाढवाला सांगितलं होतं. त्याने तरी कान हलवले."

ताकवालीला काही चैन पडेना. तीन दिवस दुकान बंद ठेवून ती खिंडीतल्या एका कपारीत जाऊन बसली, लोक पितात कसे ते बघत. कडेवर मूल असलेली एक बाई आली. तिच्याकडे मोकळा हात एकच. ती दाताने लाख कुरतडत राहिली, लाल थुंकत राहिली आणि पोर रडत राहिलं. एक म्हातारी आली. थरथरत्या बोटांनी तिने झाकण चाचपलं, चंबू पुन्हा झोळीत टाकला आणि तशीच तहानेली पुढे गेली. पाठीवर भरलेलं ताक आणि घसा कोरडा ठणठणीत!

तिसऱ्या दिवशी एक धनगर आला. त्याच्या खांद्याला भोपळ्याचा तुंबा होता, तुंब्याच्या तोंडात लाकडी बूच, बुचावर गाठ मारलेली दोरी. चालता चालता त्याने दोरीचं टोक दातात धरून ओढलं, बूच निघालं, तो प्यायला. पाऊलसुद्धा थांबलं नाही.

ताकवाली त्याच्यामागे धावली. "थांब रे बाबा! ही कसली गाठ?"

"सुरगाठ. आणखी कसली असायची? टोक ओढलं की सुटते. निरगाठ मारली तर सोडायला काय मेंढ्या येणार?"

ताकवाली हसत खाली उतरली. पलीकडच्या गावातल्या एका कुंभारणीकडून तिने आखूड मानेचा, मुठीत मावेल असा चंबू घडवून घेतला. त्याला बूच बसवलं, बुचाला दोरी, दोरीला सुरगाठ, आणि एक टोक लोंबतं ठेवलं. मग ताक भरून तो मीठवाल्याच्या गाढवाला दिवसभर उलटा टांगला. थेंब सांडला नाही. गाढवाचीही तक्रार आली नाही.

तो चंबू घेऊन ती पंचांपुढे उभी राहिली.

थोरल्या कुंभाराने नाक मुरडलं. "हा चंबू? ही तर मान बसलेली बेडकी आहे. ए ताकवाले, तुला घडवण्यातलं काय कळतं?"

"काही नाही कळत, आप्पा. एकच विचारते. तुम्ही तुमच्या चंबूतून कधी प्यायलात?"

एक पंच मदतीला धावला. "हलवाई काय स्वतःची जिलेबी खात बसतो?"

"खातो की. पोट बघा त्याचं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि तेच म्हाताऱ्याला झोंबलं. त्याने चंबू उचलून बघितलासुद्धा नाही. "पुन्हा ही बेडकी दिसली, तर खिंडीपाशी तुझं दुकान दिसणार नाही," तो म्हणाला. पंचांनी माना डोलवल्या. त्यांना तेवढंच येत होतं.

ताकवाली पुन्हा लाखेचे चंबू विकू लागली. पोट होतं. सुरगाठीचा चंबू तिने घोंगडीखाली ठेवून दिला.

मग वैशाख आला. खिंडीपलीकडे नांदणाऱ्या लेकीला मुलगा झाल्याचा निरोप आला, आणि थोरला कुंभार आयुष्यात पहिल्यांदा खिंड चढायला निघाला. एकटा, स्वतःचा चंबू छातीशी धरून.

ताकवालीने त्याच्या कमरेकडे बघितलं. लाख काढायला सुरी नव्हती.

"आप्पा, माझा घेऊन जा. कुणाला सांगणार नाही."

"माझा चंबू मला उघडता येणार नाही, असं वाटतं तुला?"

"मला तसंच वाटतं."

म्हातारा तरातरा निघून गेला. ताकवाली घटकाभर बसली, उठली, पुन्हा बसली. शेवटी घोंगडीखालचा चंबू भरून तिने मीठवाल्याचं गाढव मागून घेतलं आणि म्हाताऱ्याच्या मागे गेली.

तो माथ्याजवळ एका दगडाला टेकून पडला होता. ओठ फाटले होते, नखांत लाख भरली होती. शेवटी त्यानेही सगळ्यांनी केलं तेच केलं होतं, मान दगडावर आपटली होती. चंबू भलतीकडेच फुटला. ताक मातीने पिऊन टाकलं होतं, आणि खापर उजव्या अंगठ्याच्या मुळाशी खोल घुसलं होतं.

ताकवालीने एका हाताने जखम दाबून धरली. दुसऱ्या हाताने चंबू काढला, टोक दातात धरून ओढलं आणि त्याच्या तोंडाला लावला. म्हातारा घटाघट प्यायला. मग बराच वेळ त्या बेडकीकडे बघत राहिला.

"हा उघडलास कसा?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत चंबूबद्दल त्याने कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. तिने गाठ पुन्हा मारली आणि टोक त्याच्या डाव्या हातात दिलं. त्याने ओढलं. गाठ सुटली. "पुन्हा मार," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा ओढलं.

पुढच्या वर्षापासून, म्हाताऱ्याच्याच शब्दावरून, खिंडीत सुरगाठीचेच चंबू गेले. पंचांसाठी नवी रीत आली. आधी चंबू घेऊन खिंड चढायची, मग मान डोलवायची. सातांतले पाच लगेच आजारी पडले आणि त्यांच्या जागी त्यांच्या सुना आल्या.

याचा बोध इतकाच, की भांडं पिणाऱ्यासाठी घडवायचं असतं, आणि ते जमलं की नाही हे पिणाऱ्यालाच विचारायचं असतं.

थोरल्या कुंभाराचा अंगठा पुन्हा वळला नाही, आणि त्याच्या हातून नंतर एकही भांडं घडलं नाही.