सिंहाची तीन सोंगे

डोंगरांच्या कुशीतल्या एका जंगलावर एक सिंह राज्य करत असे. राज्य मोठे होते आणि प्रजा एकसारखी नव्हती. माळावर हरणे, दलदलीत रानडुकरे आणि उंच झाडीत मोर. म्हणून प्रधान कोल्ह्याने एक रीत घालून दिली होती. माळावर जाताना सिंहाने तोंडात गवत धरायचे, दलदलीत जाताना अंगाला चिखल फासायचा आणि झाडीत जाताना आयाळीत मोरपिसे खोवायची. राजा ज्याला त्याला आपल्यातलाच वाटला पाहिजे, असे कोल्ह्याचे म्हणणे होते. प्रजेपैकी कोणाला मारावे लागू नये म्हणून शिकारीसाठी तर सिंह पार डोंगरापलीकडे जाई. तरुणपणी त्याला या सोंगांची मौज वाटे. आता मात्र वाळलेला चिखल कातडी ओढी, पिसांनी मान खाजे आणि गवताच्या कुसळांनी जीभ सोलवटे. गुहेत परतल्यावर अंग चाटून साफ करण्याचेही त्राण त्याच्यात उरत नसे.

एका वर्षी उन्हाळा फार लांबला. सगळे झरे आटले. गुहेखालच्या डोहात तेवढे पाणी राहिले आणि सारी प्रजा एकाच सकाळी तिथे येऊन थडकली. राजा आमच्यासारखा चिखलात लोळतो, तेव्हा पहिले पाणी आमचे, असे रानडुकरे म्हणू लागली. हरणांनी गवताची आठवण करून दिली, मोरांनी पिसांची. बघता बघता शिंगे आणि सुळे समोरासमोर आले. मधल्या मध्ये पाडसे चेंगरू लागली.

कोल्हा धापा टाकत गुहेत शिरला. "महाराज, लवकर चला. पण आज सोंग कोणतं?"

"तूच सांग," सिंह म्हणाला. कोल्हा एकदा कोपऱ्यातल्या गवताकडे पाही, एकदा पिसांकडे. तेव्हा सिंह कसाबसा उठला आणि होता तसाच डोहावर गेला.

"नीट पाहा माझ्याकडे," तो म्हणाला. "मी तुमच्यापैकी कोणाचाच नाही. मला आता सोंगं झेपत नाहीत."

ढकलाढकली थांबली. राज्य संपले, असे सिंहाला वाटले. मग एक म्हातारी हरिणी पुढे आली. "महाराज, ते आम्हाला कधीचंच ठाऊक आहे. गवत धरलं की तुमचं तोंड किती वाकडं व्हायचं. पाडसं तुमची नक्कल करतात. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आम्ही बोललो नाही."

"आणि पाठीला चिखल लावायचा तुम्ही दर वेळी विसरता," एक रानडुक्कर हळूच म्हणाले.

सिंहाला हसू आले. "मग कोणाचाच नसलेल्यानं पाण्याची पाळी लावली, तर चालेल ना?"

कोणीच नाही म्हटले नाही. आधी सगळ्यांची पिल्ले प्यायली, मग म्हातारे प्राणी, मग बाकीचे. सिंह दिवसभर काठावर बसून राहिला. त्याची पाळी शेवटची होती. त्याच्या वाट्याला गढूळ पाणी आले. ते पिऊन तो तिथेच आडवा झाला. जाता जाता हरिणीने सवयीने गवताची एक काडी त्याच्यापुढे ठेवली. सिंहाने ती हुंगली, तोंडात न धरता बाजूला सारली आणि डोळे मिटले.

तात्पर्य : राजाने सगळ्यांसारखे दिसण्यापेक्षा सगळ्यांना सारखे वागवावे.