जुनी सीट

ही गोष्ट सायकली बोलत असत तेव्हाची. शर्यती गाजवलेली एक सायकल होती. तिचे मालक भिकोबा म्हातारे झाले, त्यांना घरची माणसंही ओळखू येईनात, आणि सायकल माळ्यावर गंजत पडली. एक दिवस त्यांच्या लेकीने, यमुनेने, तिला खाली काढलं. "आबांना पुन्हा हिच्यावर बसवायचं," असं म्हणत ती दुरुस्तीला लागली.

नवा रंग चढला, नवी चाकं आली, तशी सायकल हुरळून गेली. अंगावरच्या जुन्या वस्तूंची तिला लाज वाटू लागली. एखादी वस्तू ती मुद्दाम कुरकुरवायची, की यमुना ती बदलून टाकायची. शेवटी राहिली चामड्याची सीट. वर्षानुवर्षं भिकोबा बसल्याने ती मधोमध खोलगट झाली होती.

"मला तेवढी राहू दे गं," सीट म्हणाली. "त्यांच्या डोळ्यांत ओळख उरली नसेल, पण बसले की ते मला ओळखतील."

"आरशात बघ एकदा स्वतःला!" सायकल फणकारली आणि इतकी कुरकुरली, की यमुनेने वैतागून सीट भंगारात देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी यमुनेने आबांना हाताला धरून अंगणात आणलं. सायकल ऐटीत उभी होती. आबा टांग टाकून बसले. जरा इकडे सरकले, जरा तिकडे सरकले, आणि मुकाट्याने खाली उतरले.

"छान आहे हो," चकाकत्या हँडलवरून हात फिरवत ते म्हणाले. "कुणाची आहे?"

सायकलीने घाईघाईने घंटी वाजवली. पण तीही नवीच होती.