कुलूप नसलेली गिटार

हे कुणालाही सांगायचं नाही, असं शमूदादानं मला बजावलं आहे. मी मान हलवली होती. पण मी सांगत नाहीये, अण्णांच्या ओट्यावर बसून फक्त लिहितेय.

"तुम्ही नुसतं हो म्हणा ना, अण्णा. बाकी सगळं मी बघतो," त्या दिवशी दादा मागे लागला होता.

"कशाला हो म्हणू?"

अण्णा म्हणजे आमच्या शेजारचे सॅमसन उजागरे. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. आता त्यांची बोटं आखडतात, म्हणून शिकवतात. माझ्या भावाच्या, म्हणजे शमूदादाच्या हातात असते ती लाल इलेक्ट्रिक गिटार त्यांचीच आहे. "वाजव" असं ते म्हणाले होते. "घे" असं कधीच म्हणाले नाहीत.

"लॉकिंग सिस्टिम बसवू या," दादा म्हणाला. "तारा दोन्ही टोकांना स्क्रूनं आवळून टाकायच्या. मग कितीही ओढा, सूर हलायचं नाव नाही."

"म्हणजे कुलूप."

"हां, कुलूपच म्हणा."

"आणि त्यासाठी काय करावं लागेल?"

दादानं खाली पाहिलं. "लाकूड थोडं कोरावं लागेल."

अण्णांनी गिटारीकडे पाहिलं.

"काहून रे?" त्यांनी विचारलं.

मग दादा एका दमात बोलत सुटला. आज संध्याकाळी आमच्या चर्चचा युवक मेळावा. मधल्या गाण्यात त्याला एकट्यानं वाजवायचं आहे. नाताळात त्याची तार उतरली होती आणि सगळं गाणं बेसूर झालं होतं. आता कीबोर्डवाला रुबेन म्हणतो, आज पुन्हा उतरली तर पुढचे सूर मीच उचलणार, आणि यापुढे ती जागा कायमची माझी.

"तार जागेवर राहिली पाहिजे, अण्णा. एवढंच मागतोय मी."

"जागेवरच राहायचं, तर तार कशाला? खिळा घे."

मला हसू आलं. मी ते वहीमागे लपवलं.

"आज वाजव," अण्णा म्हणाले. "तार उतरली आणि उतरूनच राहिली, तर उद्या खुशाल कोर."

"खरंच?"

"आण इकडे."

दादानं ट्यूनर लावून सगळ्या तारा सुरात आणल्या आणि गिटार पुढे केली. अण्णांनी वाकड्या बोटानं तिसरी तार बाजूला ओढली आणि सोडली.

टिक्.

अगदी बारीक आवाज. मग त्यांनी ती छेडली. सूर उतरला होता.

"बघा! हेच तर सांगतोय! ढिली पडते ती!"

"आवाज कुठून आला?"

"कसला आवाज?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यासमोर कधी फारसं बोलत नाही, तेव्हाही बोलले नाही. उठले आणि बोट ठेवलं. गिटारीची मान संपते तिथं एक पांढरी पट्टी असते. तिच्या खाचांतून तारा पुढे खुंट्यांकडे जातात. तिसऱ्या तारेच्या खाचेवर मी बोट ठेवलं.

"हं," अण्णा म्हणाले. "ओढलं तेव्हा इथून सरकली. परत जाताना अडकली."

"म्हणजे…"

"ढिली नाही रे ती. अडकलीय. अडकते म्हणून बेसूर होते, आणि तू तिला कुलूप लावायला निघालास."

दादानं वाकून ती खाच जवळून पाहिली.

अण्णांनी माझ्यापुढे हात पसरला. "पेन्सिल."

माझ्याकडे चित्रकलेची होती, सर्वांत मऊ आणि काळीकुट्ट. मी दिली.

"आता चित्र काढायचंय का?" दादा म्हणाला. "रुबेनला कळलं तर जन्मभर हसेल!"

अण्णा एकेक तार सैल करून खाचेतून बाजूला घेत होते. रिकाम्या खाचेत त्यांनी मला पेन्सिलीचं टोक घासायला लावलं. पांढरी पट्टी खाचांपुरती काळी झाली. त्या काळ्या पुडीवर तार पुन्हा बसवली की ती साबण लावल्यासारखी सरकायची. पुढची तार सैल व्हायच्या आधीच माझं टोक तयार असायचं!

मग त्यांनी प्रत्येक तार चिमटीत धरून हलकेच वर उचलली, ताणली, सोडली. सगळ्या उतरल्या. दादा कळवळला.

"लाव सुरात."

दादानं घाईनं खुंटी पिळली. सूर जास्त चढला, म्हणून तो थोडी उलटी फिरवायला लागला. अण्णांनी त्याच्या मनगटावर टिचकी मारली.

"वरून उतरून सुरावर बसू नको. पार खाली जा. मग खालून वर ये."

"वेळ लागतो, अण्णा."

"लागू दे."

पुन्हा ताणलं, पुन्हा लावलं. उतरणं कमी कमी होत गेलं. शेवटी अण्णांनी तिसरी तार मुद्दाम जोरात ओढली. या खेपेला टिक् झालं नाही, पण सूर किंचित खाली राहिला. ट्यूनरचा काटा मधोमध नव्हता.

अण्णांनी गिटारीला असते ती, दाबली की सगळ्या तारा क्षणभर सैल करणारी लोखंडी दांडी दोन बोटांनी जराशी दाबली आणि सोडली.

काटा मधोमध!

"हे काय केलंत?" दादा ओरडलाच.

"हाक मारली."

संध्याकाळी मी पहिल्या रांगेत अण्णांच्या शेजारी बसले होते. मधलं गाणं आलं. दादा पुढे आला. पहिले सूर असे काही लागले की मागच्या रांगेतली पोरं उभी राहिली! त्यानं तिसरी तार ओढली, वर, आणखी वर, आणि सोडली.

सूर खाली राहिला.

मला ऐकू आलं. रुबेनलाही आलं. त्याचे हात कीबोर्डच्या पट्ट्यांवर उचलले गेले.

दादा थांबला नाही. त्याचा तळहात दांडीवर आला, हलकेच, अण्णांसारखाच. दाबली, सोडली.

पुढचा सूर लख्ख लागला!

रुबेनचे हात तसेच हवेत राहिले. लोक टाळ्यांचा ठेका धरू लागले. मीसुद्धा धरला, जोरात, आणि आपल्याकडे कोण बघतंय हे मी बघितलंच नाही.

गाणं संपल्यावर दादा स्टेजच्या पायऱ्या न वापरता खाली उडी मारून आमच्याकडे आला. घामानं चिंब झाला होता.

"अण्णा! पाहिलंत? एकदाही उतरली नाही!"

"उतरली होती."

दादाचा चेहरा पडला. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला. "सले, कुणाला बोलायचं नाही हां," तो पुटपुटला. मग अण्णांना म्हणाला, "म्हणजे… तुम्ही ऐकलंत?"

"परत आली, तेही ऐकलं."

दादा तारांच्या खाचांवरून बोट फिरवायला लागला.

"मग?" अण्णांनी विचारलं. "उद्या कोरायची का?"

दादानं गिटार दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि तो— आतून अण्णा हाक मारताहेत.

"सलोमी! तुझी ती काळी पेन्सिल घेऊन आत ये गं. आणखी एक जण कुलूप मागायला आलाय."